पहाडाची फीत

मिस्त्रींच्या पोटदुखीचं कारण दर रविवारी त्यांच्याच घरी यायचं, त्यांच्याच खुर्चीत बसायचं आणि वर साखर कमी आहे म्हणून चहा परत पाठवायचं. हे कारण म्हणजे त्यांचे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दोघेही फौजेतून निवृत्त झालेले. पण साडूंच्या छातीवर पदकांच्या फिती अकरा आणि मिस्त्रींच्या छातीवर तीन. मिस्त्रींनी साडूंचं नाव ठेवलं होतं शोकेस. तोंडावर 'साडूबुवा' आणि पाठ फिरली की शोकेस.

आता अकरा कशाच्या ते ऐका. शोकेस सगळी नोकरीभर रेशनच्या कोठारात. पहाडावर बदली झाली, तिथे साखरेची पोती मोजली, मिळाली पहाडाची फीत. वाळवंटात गेले, पोती तीच, फीत नवी. परदेशात गेलेल्या तुकडीबरोबर जाऊन आले, तिचीही वेगळी. "हा माणूस नुसता शिंकला असता तर सर्दीचीही दिली असती," असं मिस्त्री बायकोला म्हणायचे. "फौज आहे की बाळसेदार बाळांची स्पर्धा? भाग घेतला की बक्षीस."

"मग तुम्ही का नाही घेतला भाग?" बायको विचारायची.

झोंबायचं ते इथे. मिस्त्री होते गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. पहाडावर जाणारा एकेक ट्रक त्यांच्या हातून पास झाल्याशिवाय हलायचा नाही. शोकेसची साखर वर पोचली ती कुणाच्या इंजिनांवर? पण वर्कशॉप पायथ्याशी, आणि फीत ठरावीक उंचीच्या वर राहणाऱ्यालाच. म्हणजे ज्याने घोडा पोसला तो खाली, आणि जो बसून गेला त्याला हार. मिस्त्रींच्या तीन फितींपैकी दोन नुसती नोकरीची वर्षं भरल्याच्या, आणि तिसरी देश पन्नास वर्षांचा झाला तेव्हाची. ती त्या वर्षी पटावर असलेल्या सगळ्यांना मिळाली, आचाऱ्यापासून सेनापतीपर्यंत. "आचाऱ्यालाही!" असं म्हणून मिस्त्री ती फीत दाखवायचे. दाखवायचे मात्र नक्की.

अशात मुलीचा फोन आला. मुलगी अकादमीत होती आणि महिन्याभरात अधिकारी होणार होती. पोरीने नाव काढलं होतं, यात वादच नाही. संचलन झालं की घरचे मैदानात येतात आणि नव्या अधिकाऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर स्टार लावतात, असं तिने सांगितलं. "फौजेतल्या नातेवाइकांनी फिती लावून यायचंय. काकांनाही आणा. डावा खांदा आईचा."

"आणि उजवा?" मिस्त्रींनी विचारलं.

"उजव्याचं तिथे बघू, बाबा," ती म्हणाली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

तिथे बघू! बापाला तिथे बघू! मिस्त्रींच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बरं, शंकेला जागाही होती. मिस्त्री नोकरीवर असताना पोरीला पहाटे पळायला नेलं ते शोकेसनी, परीक्षेचा फॉर्म आणून दिला तोही शोकेसनी. आता उजवा खांदाही त्यांनाच जाणार, कारण अकरा फितींशेजारी तीन फिती म्हणजे लग्नाच्या घोड्याशेजारी धोब्याचं गाढव. त्या आठवड्यात मिस्त्रींचं जेवणात लक्ष नव्हतं. खांदा, खांदा आणि खांदा.

शेवटी ते छावणीच्या फाटकासमोरच्या दुकानात गेले. तिथे टोप्या, बिल्ले, पट्टे आणि हव्या तेवढ्या फिती मिळतात. दुकानदार सगळ्या फिती एकाच धातूच्या पट्टीवर घट्ट बसवून देतो, म्हणजे एक पिन लावली की सगळी ओळ छातीवर.

"ही पट्टी नवी करून द्या," मिस्त्री म्हणाले. "आणि पहाडाची एक घाला. जुनी हरवली."

दुकानदाराने मान वर केली नाही. असल्या हरवलेल्या फिती त्याने जन्मभर विकल्या होत्या. त्याने काढलेली फीत पांढरी-निळी होती आणि मधोमध हिरवी रेघ. शोकेसच्या छातीवरची तर नुसतीच पांढरी-निळी. मिस्त्रींच्या ते ध्यानात आलं, नाही असं नाही. पण मत्सर माणसाला आंधळा करतो ते उगाच नाही. 'त्यांची उन्हाने विटली असणार, माझी कोरी आहे,' असं मनाशी म्हणून ते खुशीत घरी आले. चोरी केली असं त्यांना वाटलंच नाही. उलट फौजेकडून आपलं येणं वसूल केलं असंच वाटलं.

संचलन झालं. बँड थांबला आणि घरची माणसं मैदानात सुटली. मुलगी ताठ चालत आली, चौघांसमोर टाचा जुळवून उभी राहिली आणि कडक सलाम ठोकला. आईने डोळ्याला पदर लावला. मावशीने तिच्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. शोकेस छाती काढून उभे होते. त्यांना ती काढावी लागायचीच नाही. शेजारी मिस्त्री.

मुलीची नजर काकांच्या छातीवरून वडिलांच्या छातीवर आली आणि तिथेच थांबली. गेल्याच महिन्यात तिची सगळ्या फिती ओळखण्याची परीक्षा झाली होती. ती जवळ आली आणि अगदी हळू बोलली.

"बाबा, हिरवी रेघ नंतर आली. तुम्ही रिटायर झाल्यावर. तेव्हाची फीत काकांच्या छातीवर आहे तशी होती."

मिस्त्रींचा हात छातीवरच्या पट्टीवर गेला. "दुकानदाराने चुकून..." एवढंच ते म्हणाले.

"आमचे सर इकडेच येतायत. काढून टाका."

आता एकच कशी काढणार? चारही फिती एका पट्टीवर ठोकलेल्या. काढायची तर नऊ वर्षांची, वीस वर्षांची, पन्नाशीची, खरी-खोटी सगळी एकदम. मिस्त्रींनी पिन सोडवली आणि पट्टी कोटाच्या खिशात टाकली.

शोकेसना काय ते कळलं. माणूस साखर मोजणारा, मोजमापात पक्का. त्यांनी स्वतःच्या छातीवरच्या पिनेला हात घातला. "मीही काढतो रे. ऊन लागतंय."

"हात लावू नका," मिस्त्री दातांत म्हणाले. तेवढा उपकार त्यांना झेपला नसता. त्या चांगुलपणाची बारावी फीत मिळाली असती या माणसाला.

सर आले, सगळ्यांशी हात मिळवले, शोकेसच्या छातीकडे पाहून "वा!" म्हणाले, मिस्त्रींकडे पाहून नुसतं हसले आणि पुढे गेले. मग आईने डाव्या खांद्यावर स्टार लावला. मुलीने दुसरा स्टार तळहातावर घेतला आणि वडिलांपुढे धरला.

"उजवा तुमचाच होता," ती म्हणाली. "फोनवर काका शेजारी असतील, त्यांना वाईट वाटेल म्हणून तसं बोलले."

म्हणजे जिंकलेलीच लढाई मिस्त्री महिनाभर लढत होते. त्यांनी स्टार उचलला आणि मुलीच्या खांद्यावर वाकले. खांद्याशी वाकलं की नजर छातीवर जाते. पोरीच्या गणवेशावर एक फीत होती. कोरी, एकुलती एक. देश पंच्याहत्तर वर्षांचा झाला त्याची. त्या वर्षी पटावर असलेल्या सगळ्यांना दिलेली, अकादमीतल्या पोरांनाही. कशासाठी? भरती झाली म्हणून. अजून एक नट पिळला नव्हता, एक रात्र पहाऱ्यावर काढली नव्हती आणि फीत आली.

तिची एक. आपली एकही नाही.

पोटात ते ओळखीचं जळू लागलं. तेच, जे इतकी वर्षं शोकेसला पाहून जळायचं, तसंच्या तसं, तेवढंच. आपल्या पोटच्या पोरीवर! मिस्त्रींना स्वतःची किळस आली, तरी जळायचं थांबेना. पिन तिच्या खांद्यात टोचली. ती हलली नाही.

"बाबा, रडताय?" तिने हसून विचारलं. "एवढा आनंद झाला?"

"हो," मिस्त्री म्हणाले.