खडकासारखा खडक

शुक्रवारी सकाळी इम्तियाज बागवान सरांच्या मोबाईलवर एक फोटो आला. त्यात डोंगरावर फिरायला जाणारे पाच गृहस्थ अंगठे वर करून उभे होते. त्यांच्या मागे, जिथे लाव्ह्याचे थर दिसायला हवेत, तिथे बांबूंची परांची उभी होती.

सर उठले, बसले, पुन्हा उठले.

"अहो, त्या दगडाला साडेसहा कोटी वर्षं काही झालं नाही," त्यांची बायको रझिया म्हणाली. "पोहे खाऊन गेलात तर दहा मिनिटांत काय होणार आहे?"

सरांनी पोहे खाल्ले. तेवढ्या वेळात चार फूट जाळी ठोकून झाली, हे नंतर कळलं.

सर वाघोलीच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं भूशास्त्र शिकवत होते. वाघोलीच्या खाणींतले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेले आहेत. वाघोलीच्या मुलांना मात्र कॉम्प्युटरला प्रवेश हवा असतो. पहिल्या वर्षाला दहा विद्यार्थी झाले नाहीत तर विभाग बंद होईल, असं प्राचार्यांनी लेखी कळवलं होतं. अर्ज आले होते सहा. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

सरांकडे आमिष एकच होतं. कात्रजच्या मागच्या डोंगरावर एक उद्यान आहे आणि त्यात एक उघडा कडा. खाली काळा थर, वर काळा थर आणि मध्ये वीतभर लाल पट्टा. एक लाव्हा आला, थंड झाला, त्यावर माती साचली. मग बऱ्याच काळाने दुसरा आला आणि त्याने ती माती विटेसारखी भाजून काढली. सर त्या पट्ट्यावर हात ठेवून म्हणत, "दोन तासांमधली ही मधली सुट्टी." मग दरवर्षी तिथे दाखवायला नेलेल्या मुलांतली दोन-तीन तरी गळाला लागत. या रविवारी अकरा जण येणार होते.

सर पोचले तेव्हा कंत्राटदार रंगराव खुर्ची टाकून बसला होता.

"सुशोभीकरण चाललंय, सर."

"कशाचं?"

"दगडाचं."

कड्यावर तारेची जाळी होती, जाळीवर सिमेंट, आणि त्या ओल्या सिमेंटमध्ये नागोराव नावाचा कारागीर थापीच्या टोकाने भेगा काढत होता.

"मागे खराच दगड आहे हो," सर म्हणाले. "तो लाल पट्टा, ती मधली सुट्टी झाकताय तुम्ही."

"हाय की. पण त्यो दगडासारखा दिसत न्हाय. कुठं काळा, कुठं लाल, मधीच पांढरे ठिपके. लोकांना वाटतंय कुणी रंग सांडला. दोन तक्रारी हायेत." रंगरावने कामाचा आदेश दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'नैसर्गिक खडकाचा आभास निर्माण करणे.' सरांनी तो तीनदा वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

सर तसेच महापालिकेच्या कचेरीत गेले. चौकातल्या गर्दीत स्कूटर पाऊण तास एका टेंपोच्या मागे उभी होती. तेवढ्यात पलीकडे किती भिंत झाली असेल याचा हिशोब त्यांनी चार वेळा मांडला आणि दर वेळी उत्तर वाढत गेलं.

कनिष्ठ अभियंता प्रियदर्शनी मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काम थांबवायचं कारण?"

"मागे खरा खडक आहे."

"त्याची आमच्याकडे नोंद आहे का?"

"मॅडम, तो साडेसहा कोटी वर्षांपासून तिथे आहे."

"मग नोंद करून घ्यायला भरपूर वेळ होता." मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "अर्ज देऊन ठेवा. सोमवारी साहेब बघतील."

काम शनिवारी संपणार होतं.

शनिवारी सर सकाळी गेले, घरी आले, पुन्हा गेले. दुपारी रंगराव जेवायला गेला आणि नागोराव सरांजवळ येऊन बसला. तो यवतमाळकडचा. पंधरा वर्षं त्याने विहिरी खोदल्या होत्या.

"सर, काल तुमी ज्याले सुट्टी म्हणत होते ना, तो गेरूचा पट्टा. विहिरीत मले तो लय डाव भेटला. गेरू लागला का आमी खूश. त्याच्यावरून पाणी झिरपते जी."

"मग तो झाकताय कशाला?"

"झाकाले सांगतलं म्हणून. पण कसा झाकाचा ते नाही सांगतलं." त्याने थापी पुसली. "तुमाले काय पाहिजे ते बोला, तसाच काढून देतो."

सरांनी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी पट्ट्याची जाडी सांगितली. मग रंग सांगितला. मग, सांगतोच आहोत तर, वायूचे बुडबुडे कुठे आणि पांढरे स्फटिक कुठे तेही सांगितलं. नागोरावने बोटाने भोकं पाडून पांढरं सिमेंट भरलं. संध्याकाळपर्यंत कडा असा झाला की पाहत राहावं. खऱ्या कड्यात मधला थर मागे उभ्या असलेल्या मुलांना कधीच नीट दिसायचा नाही. हा पार्किंगमधून दिसत होता. सरांना त्या रात्री झोप लागली नाही ती याच गोष्टीमुळे.

रविवारी अकरा मुलं आणि चार पालक आले. सर बोलत होते, पण भिंतीकडे पाहत नव्हते.

"किती स्पष्ट दिसतंय, नाही?" एक आई म्हणाली.

फैझल आणि आनंद या दोन मित्रांनी फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं. सरांनी मनात आठ मोजले.

मग उम्मेहानी पुढे आली. जानेवारीत तिच्या शाळेत सरांनीच सांगितलं होतं की नुसत्या दिसण्यावर जाऊ नका, दगड ठोका आणि ऐका, चांगला बसाल्ट खणखणतो. तिने वडिलांच्या पिशवीतून हातोडी आणली होती. तिने लाल पट्ट्याखालच्या काळ्या भागावर दोनदा ठोकून पाहिलं.

"सर, हा बद्द वाजतोय."

'बाहेरून झिजला असेल' हे वाक्य सरांच्या तोंडात तयार होतं. फैझल आणि आनंद ऐकत होते. पालक ऐकत होते. लांबून रंगरावही ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"हातोडी दे इकडे," सर म्हणाले.

तिसऱ्या घावाला ताटाएवढा तुकडा पडला. जाळीच्या मागे खालचा काळा दगड दिसला, त्यावर लाल पट्टा. मळकट, भुसभुशीत, काठाशी जरा जांभळट.

"बाहेरचं सिमेंट आहे. कालचं. रंग मीच सांगितला," सर म्हणाले. "खरा तो आत."

"म्हणजे इतका वेळ तुम्ही आम्हाला..." ती आई म्हणाली.

"हो."

फैझल आणि आनंदने मोबाईल खिशात टाकले आणि ते सर्पोद्यान बघायला निघून गेले. आईही मुलाला घेऊन गेली. उरलेले मात्र पुढे सरकले. जाळीतून बोटं घालून त्यांनी पट्ट्याला हात लावला. उम्मेहानीने आतल्या काळ्या दगडावर हातोडी टेकवल्यासारखी मारली. खण्ण आवाज आला.

"सर, हे आता कोण भरणार?" रंगरावने विचारलं.

सोमवारी दुपारी कॉलेजात पत्र आलं. सरांचा अर्ज विचाराधीन होता. भिंतीच्या नैसर्गिक स्वरूपास हानी पोचवल्याबद्दल पंधरा दिवसांत खुलासा करायचा होता. सोबत फोटो होता. भोकाचा आकार कळावा म्हणून प्रियदर्शनी मॅडमनी शेजारी आपलं पेन धरलं होतं. सत्तावीस वर्षांत त्या पट्ट्याचा इतका चांगला, मापासकट फोटो सरांच्या एकाही विद्यार्थ्याने काढला नव्हता. सरांनी तो विभागाच्या फलकावर लावला.

साडेचारपर्यंत उम्मेहानी धरून नऊ अर्ज झाले. सर दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. प्राचार्यांचा शिपाई दोनदा डोकावून गेला.

पाचला दहा मिनिटं असताना आनंद आला. एकटाच.

"सर, काल घरी जाऊन मी आमच्या सोसायटीच्या गेटचा दगड ठोकला. तोपण बद्द वाजतो."

"बरं."

"मग त्याच्या मागे काय असेल?"

"वीट," सर म्हणाले. "बस. फॉर्म काळ्या शाईत भर."