लोकाटाचे तुरे

झाडावर एकशे त्रेचाळीस तुरे होते. पल्लवीनं ते दोनदा मोजले, एकदा खालून आणि एकदा शिडीवर चढून. एकही फूल अजून उमललं नव्हतं.

पाचगणीच्या उतारावरच्या अंगणातलं हे लोकाट तिच्या वडिलांनी, दादासोंनी लावलेलं. गुलाबाच्या कुळातलं, बारा महिने हिरवं. फळं खायला, पानांचा काढा खोकल्याला. दुसऱ्या जातीचं एक कलम त्यांनी शेजारच्या सयाजीला स्वतःच्या हातानं लावून दिलं होतं. त्याच झाडाच्या फळांवर सयाजीनं गेल्या साली सांगलीच्या प्रदर्शनात पहिला नंबर घेतला आणि माईकवर सांगितलं, "कलम माझंच. दादासो आमच्याकडं पाणी घालायला असायचा." लोक हसले. दादासो तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यानंतर ते झाडाखाली कधी बसले नाहीत. भादव्यात गेले.

पल्लवी वनस्पतिशास्त्र शिकलेली. सयाजीच्या झाडाला स्वतःच्या परागानं फळ जवळजवळ धरत नाही, दुसऱ्या जातीचे पराग लागतात, हे तिला ठाऊक होतं. आणि पंचक्रोशीत दुसरं लोकाट हे एकच.

तिनं कात्री चालवली.

"आगं, मग आपल्याबी झाडाला यंदा काय येणार न्हाई की," खालून आई, बनुबाई, म्हणाली.

"न्हाई येणार."

"त्यांच्या फोटोम्होरं पयलं फळ ठेवायचं हुतं मला."

"पुढल्या साली ठेव."

आईनं पदर खोचून शिडी धरली. "त्यो वरचा ऱ्हायला बघ."

नवे तुरे येत राहिले. दर रविवारी दोघी ते काढत राहिल्या. सयाजीचं झाड मात्र पांढरंशुभ्र फुललं.

"काय पल्लवी, नुसती पानंच व्हय?" तो कुंपणावरून म्हणाला. "बापानं काय शिकवलंच न्हाई वाटतं. माझं बघ. सांगलीला टेम्पो सांगून ठेवलाय."

"ठेवा की काका."

प्रदर्शनात एका झाडाची निदान दोन किलो फळं लागत. मार्चअखेर सयाजी शिडी लावून झाडावर चढला आणि बराच वेळ वरच राहिला. पल्लवी घरातला वजनकाटा घेऊन कुंपणापाशी गेली.

"आणा काका, मी मोजून देते."

फळं नऊ. वजन दोनशे बारा ग्रॅम.