एक जूनला मिटलेली पट्टी

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका. ऑल्विन प्रॉसरच्या शेडमध्ये भिंतीला टेकवलेलं ते बेचक्यासारखं दोन फाट्यांचं जाळं बघा. त्याच्या काठाच्या दोरीत एक निळी पट्टी अडकलीय ना, वीतभर लांबीची? तीच मी. माझ्या अंगावर नंबर आहे, शेपटीला दात आहेत आणि डोक्याला भोक. शेपटी एकदा भोकातून ओढली की संपलं, ती मागे येत नाही. विजेच्या मीटरला सरकारी सील असतं ना, त्याच जातीची मी.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडात जन्मलेली प्लास्टिकची पट्टी मराठी कशी बोलते? अहो, ज्या हाताने मला मिटवलं त्या हाताची बोली मला आली. त्या हाताचीच तर गोष्ट सांगायचीय.

कारखान्यात साच्यातून आम्ही शेकड्याने पडलो. पुढे नदी खात्याने आमच्यातल्या सहाजणींना एका पाकिटात घातलं आणि ब्रिस्टलपासून तासाभरावरच्या एका गावी पाठवलं. इथे नदी समुद्राला मिळते. ओहोटीला पाणी असं आटतं की माणूस कमरेइतक्या पाण्यात जाळं घेऊन उभा राहतो आणि वर चढणारा सॅमन मासा आला की उचलतो. होडी नाही, यंत्र नाही. माणूस, जाळं आणि मासा. तीनशे वर्षं चाललंय म्हणतात. आता सहाच म्हातारे उरलेत.

गावच्या हॉलमध्ये वसंतात सभा झाली. खात्याची बाई आली होती, दमलेल्या चेहऱ्याची, पण बोलायला सरळ. तिने नियम वाचले. मोसम एक जूनला उघडेल, ऑगस्टअखेर बंद होईल. सहा परवाने, सहा पट्ट्या. एका माणसाला वर्षाला एक मासा. मासा मारला की काठावरून पाऊल उचलायच्या आधी पट्टी त्याच्या तोंडातून कल्ल्यातून ओवून मिटवायची. मिटली ती वापरली. न वापरलेली परत पाठवायची. आणि काही मिळालं नाही तरी फॉर्म भरायचाच.

"एक मासा!" क्लाइव्ह नावाचा जाड म्हातारा ओरडला. "माझं मांजर आठवड्याला यापेक्षा जास्त खातं!"

"मग मांजराच्या नावाने परवाना काढ," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

बाई हसली नाही. "नदीत वर चढणारे मासे दर वर्षी कमी मोजले जातायत. पुढच्या वर्षी कोटा शून्य असेल, असंच दिसतंय. आत्ताच सांगून ठेवते."

मग पट्ट्या वाटल्या. मी ऑल्विनच्या वाट्याला आले. त्याने मला शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं, छातीशी, म्हणून त्याच्या मनातलं मला कळलं. त्याच्या घरी वर्षाचा पहिला सॅमन स्वयंपाकघरातल्या जुन्या टेबलावर शेजारीपाजाऱ्यांना खाऊ घालायचा, ही बापापासूनची रीत. त्याची बायको बेरिल तो मासा मंद पाण्यात शिजवायची. बेरिल गेल्याला तीन वर्षं झाली आणि तिच्यामागे ते टेबल मांडलंच गेलं नव्हतं. आता एक मासा, एक पट्टी, एक शेवटचा मोसम. त्याला ते टेबल एकदा भरलेलं बघायचं होतं. बस, एवढंच.

आता मधुमतीबाई. ऑल्विनच्या शेजारच्या घरात अनुप आणि सुचेता राहतात. अनुप ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात इंजिनियर, सुचेता हॉस्पिटलात डॉक्टर. अनुपची आई मधुमतीबाई एप्रिलात सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या. हर्णैच्या कोळीवाड्यातल्या. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण कुठल्या साली कुठल्या तिथीला कुणाच्या जाळ्यात काय आलं, ते तोंडपाठ.

पहिल्याच दिवशी ऑल्विनने कुंपणावरून हाक मारली, "ऑल राईट, माय लव्हर?"

लव्हर म्हणजे काय हे मालिका बघून बाईंना चांगलं ठाऊक. पदर सावरत त्या घरात शिरल्या. "अगो सुचेता, ह्यो म्हातारा काय बोलला मला? मरणाच्या दारात उभा नि ही भाषा!"

सुचेता हसून हसून ओट्याला टेकली. "आई, अहो इकडे सगळ्यांनाच तसं म्हणतात. पोस्टमनला, बसच्या ड्रायव्हरला. आपलं 'काय बाय, बरी आहेस ना?' तसं."

"असंल," बाई म्हणाल्या. "पण माझ्या अनुपला सांगू नको."

तरी दुसऱ्या दिवशी त्या आपणहून कुंपणाशी गेल्या, कारण पलीकडे जाळं वाळत होतं. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाईंना इंग्रजीतले फिश, टाइड, गुड आणि नो गुड एवढेच शब्द येत. तेवढ्यावर दीड महिना छान गेला.

मग उजाडला एक जून. सकाळी दहाची ओहोटी. ऑल्विन फाटकाशी आला, लहान मुलासारखा लाल झालेला. "फर्स्ट ऑफ जून, माय लव्हर! आजचा दिवस!"

सुचेता ड्यूटीला निघाली होती, गाडीचं दार उघडंच. घाईत म्हणाली, "आई, आज एक जून ना, त्यांचा सीझन आजपासून..." पुढचं वाक्य इंजिनाच्या आवाजात गेलं.

आता तुम्ही मला सांगा, हर्णैच्या बाईच्या कानावर 'एक जून' पडलं तर तिला काय समजेल? तिकडे एक जून म्हणजे बंदी. होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, जाळी धुऊन, वाळवून, तोंड बांधून माळ्यावर टाकायची. मासळीच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, धरते, तेव्हा समुद्राला हात लावायचा नाही. उभा जन्म त्यांनी एक जूनला जाळं बांधलं होतं. आणि हे काम बायांचं. त्यांना वाटलं, ह्या बिचाऱ्याची बायको गेली, ह्याचं जाळं कोण बांधणार?

ऑल्विन घरात पाण्यातले उंच बूट चढवत होता. त्याला वाकायला वेळ लागतो. बाई शेडमध्ये आल्या. जाळं झटकलं, घडी घातली, तोंड गोळा केलं. बांधायला सुतळी शोधली, मिळाली नाही. खिळ्याला मी लटकलेली, ऑल्विनने सकाळीच खिशातून काढून अडकवलेली. नंबर, शिक्का, दात. बाई खूश झाल्या. "सरकारनं सील पण दिलंय की! हितं सगळं कसं नीट."

आणि त्यांनी मला जाळ्याच्या सहा-सात आसांतून, म्हणजे विणीच्या भोकांतून, आणि काठाच्या दोरीतून ओवून ओढलं.

कट्.

आयुष्यात मला एकच आवाज करायचा होता. तो मी केला.

ऑल्विन दारात आला. त्याने जाळं बघितलं, मला बघितलं. उलट्या बादलीवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत राहिला.

बाईंना काय चुकलं ते कळलं नाही, पण चुकलं एवढं कळलं. "नो गुड?" त्यांनी विचारलं.

"नो, मधू," तो हळूच म्हणाला. "नो गुड."

ऑल्विनने सुचेताला फोन लावला. तिने गाडी बाजूला घेतली, दोघांचं ऐकलं. "आई! अहो, आपल्याकडे बंद होतं तेव्हा यांच्याकडे उघडतं! ती पट्टी म्हणजे त्यांचा मासा होता. पूर्ण वर्षाचा."

"मग काप म्हणावं ती पट्टी. दुसरी आणू."

"दुसरी मिळत नाही, आई."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. कोळ्याच्या घरची बाई, आणि तिने दुसऱ्याचं जाळं मिटवलं.

तेवढ्यात क्लाइव्ह आपलं जाळं खांद्यावर घेऊन आला. सगळं ऐकून म्हणाला, "ब्लेडने काप आणि मासा मिळाला की गोंदाने चिकटव. कोण बघतंय?"

ऑल्विनने माझ्याकडे बोट केलं. "ही बघतेय."

त्याने खात्यात फोन केला. सभेला आलेली तीच खात्याची बाई बोलली. म्हणाली, "मिस्टर प्रॉसर, मला वाईट वाटतं. पण सहा म्हणजे सहा. एकाला सातवी दिली, तर नदीला काय सांगू? मिटली ती वापरली. जाळं लावा, पण मासा आला की सोडा."

मग त्याने फॉर्म भरला. पट्टीचा नंबर, तारीख. वजन: काही नाही. लांबी: चार फूट. शेऱ्यात लिहिलं: 'माझंच जाळं. शेजारणीने पकडलं.' आणि लिहिता लिहिता त्याला हसू फुटलं. असं हसला की बादली कलंडली. बाईंना हसायचं का ते कळेना, म्हणून त्या पदराने नाक पुसत आणखी रडल्या.

मला मोकळी न करता त्याने चाकूने जाळ्याचे सात आस कापले. मी दोरीत लटकत राहिले. जाळ्याला भोक पडलं. ऑल्विनने जाळं विणायची लाकडी सुई काढली, ती बाईंनी त्याच्या हातातून घेतली आणि मांडी घालून बसल्या. बोटावर आस धरायचा, सुई मागून काढायची, गाठ आवळायची. ऑल्विन वाकून बघत होता.

"सेम नॉट," तो म्हणाला. त्याने शेजारची आपली गाठ दाखवली, मग बाईंची. दोन गाठींत फरक सांगता येईना. एवढा मोठा समुद्र मध्ये, आणि गाठ तीच! त्या दिवसापासून तो त्यांना सांगितल्याशिवाय नदीत उतरला नाही.

जून गेला, जुलै गेला. मी पाण्यात जायचे, चिखल पाहायचे, कोरडी व्हायचे. क्लाइव्हसकट तिघांना मासा मिळाला. आमच्या जाळ्यात काहीच आलं नाही. सोडायलासुद्धा नाही.

ऑगस्टात नारळी पौर्णिमा आली. अनुपने लंडनातल्या एजवेअरच्या दुकानातून नारळ आणून ठेवला होता. दुपारच्या ओहोटीला बाई तो घेऊन काठावर आल्या. सुट्टी होती म्हणून सुचेताही आली.

"आज आमच्यात उघडतं," बाई म्हणाल्या. "सांग त्याला. बंदी पाळली, आता दर्याला नारळ द्यायचा, मग जाळं टाकायचं."

सुचेताने सांगितलं. ऑल्विनने विचारलं, "नारळाचा फॉर्म भरावा लागेल का?"

नारळ पाण्यात सोडला. तो डुलत डुलत समुद्राकडे निघाला. ऑल्विन कमरेइतक्या पाण्यात उभा. आणि काठावरून बाईंनाच आधी दिसलं. पाण्यावर एक बारीक रेघ, प्रवाहाच्या उलट वर येणारी.

"थं बग! थं! अरे डावीकडं!"

मराठी होती, पण ऑल्विन बरोबर डावीकडे वळला. जाळं आत गेलं, वर आलं, आणि माझ्याशेजारी चांदीचा हंडा धडपडू लागला. चौदा-पंधरा पौंडांची मादी. तिचा कल्ला उघडमीट करत मला लागत होता. ज्या कल्ल्यातून मी जायची होते, तोच. बेरिलचं टेबल त्या जाळ्यात होतं. आणि ते त्याला घरी नेता येणार नव्हतं.

बाई साडी वर खोचून गुडघ्यापर्यंत आत आल्या. माशाच्या पोटाखालून हलकेच हात फिरवला.

"गाभोळी आहे हिच्यात," त्या म्हणाल्या. "भरलीय."

"काय म्हणाली?" ऑल्विनने विचारलं.

सुचेताने माशाच्या पोटाकडे बघितलं. "त्या म्हणतायत... आत पुढची सगळी नदी आहे."

ऑल्विनने मादीचं तोंड प्रवाहाकडे धरलं. दम येईपर्यंत तसंच धरलं, दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग शेपटीचा एक फटका बसला. सुचेता नखशिखांत भिजली आणि मासा गेला.

त्या संध्याकाळी ऑल्विनचं टेबल मांडलं. मधोमध बेरिलच्या मोठ्या माशाच्या ताटात बाईंनी केलेला नारळीभात. क्लाइव्ह तीन वेळा वाढून घेऊन म्हणाला, "गोड भात! ह्यात मासा कुठाय?"

"नदीत," ऑल्विन म्हणाला.

ऑक्टोबरात बाईंचा व्हिसा संपला आणि त्या गेल्या. हिवाळ्यात खात्याचा अहवाल आला. आमच्या गावच्या नदीमुखातून त्या मोसमात घेतलेले सॅमन: चार. तीन खरे आणि चौथी मी. कागदावर मी मासा आहे बरं का! आणि माझ्या नंबरची खरी मादी वर डोंगरातल्या गारगोट्यांत अंडी घालून बसली असेल, हे आम्हा तिघाचौघांनाच ठाऊक. अहवालाच्या खाली एक ओळ होती. पुढील वर्षाचा कोटा: शून्य. सोडण्यासाठीही जाळं लावता येणार नाही.

यंदाच्या एक जूनला ऑल्विनने जाळं धुतलं, वाळवलं, घडी घालून तोंड सुतळीने बांधलं. मग त्याने हर्णैला फोन लावला. भाषांतराला सुचेता मध्ये होतीच.

"बांधलं का जाळं?" पलीकडून पहिला प्रश्न.

"बांधलं, माय लव्हर."

"बघ! मी मागल्या वर्षीच बांधलं होतं. तुमच्या सरकारला वर्षभर उशिरा कळलं." मग, "उघडणार कधी?"

सुचेताने विचारलं. ऑल्विनने खात्याचा कागद उलटसुलट करून पाहिला. "तारीख नाही लिहिलेली."

पलीकडून समुद्र ऐकू येत होता. "तारीख नाय? अगो, मग ती बंदी कसली? आमच्यात बंद करतात ते उघडायसाठी."

म्हणून मी आज तोंड उघडलंय. मासे मोजणाऱ्यांनो, नियम लिहिणाऱ्यांनो, तुमच्यावर माझा राग नाही. मोजा, थांबा, मासा वाढू द्या. मीसुद्धा तुमचीच आहे. पण मी पट्टी आहे. मला फक्त मिटता येतं, उघडता येत नाही. तुम्ही माणसं आहात. तुमच्या कागदावर एखादी पौर्णिमा लिहायला जागा ठेवा. ऑल्विन एकोणऐंशीचा आहे. मधुमतीबाईंनी पुढचा नारळ आत्ताच बाजूला काढून ठेवलाय.