सात मैल पाणी

पुढे केलेला हात धरण्याऐवजी त्या मुलीने कडेवरची पोर आधी सिग्रुनच्या हातात दिली आणि मग स्वतः धक्क्यावर उडी मारली.

"जड आहे हो," ती हसत म्हणाली. "मी देल्फीन. ही ओदेत. बोटीत तीनदा ओकलीय, जरा जपून."

सिग्रुनने पोरीला छातीशी धरलं. तीन-साडेतीन वर्षांची असेल. लोकरी टोपीतून घामेजलेले केस बाहेर आले होते. पाच वर्षांत सिग्रुनने एवढं मूल उचललं नव्हतं. हात मात्र बसायचे तिथे आपोआप बसले.

मागून देल्फीनचा नवरा सिप्रियन उतरला, बेटावरच्या दीपगृहाचा नवा रखवालदार. सिग्रुनचा नवरा आन्सगार रोनिंग गणवेशाची सगळी बटणं लावून त्याची वाट पाहत उभा होता. चौदा वर्षं सांभाळलेला दिवा त्याला आज दुसऱ्याच्या हाती द्यायचा होता. त्याची बदली किनाऱ्यावरच्या बंदरात झाली होती.

"दोन तास!" बोटीवरून कॅप्टन बर्डिक ओरडला. "वारा फिरला तर तुझी खाट इथेच टाकून जाईन, आन्सगार. आणि तुलाही!"

"मला टाक. खाट ने, ती नवी आहे," आन्सगार म्हणाला आणि सिप्रियनला घेऊन मनोऱ्याच्या जिन्याकडे वळला.

गेला आठवडाभर सिग्रुन एक वाक्य मनात घोळवत होती. बेटाच्या मागच्या अंगाला, फरच्या झाडाखाली त्यांच्या मुलाला, ऐनारला, पुरलं होतं. चार वर्षांचा होता. बर्फ वितळलं की थडग्याच्या दगडांवर वेली माजतात. वर्षातून एकदा तेवढ्या उपटाल का, एवढंच तिला नव्या बाईला विचारायचं होतं. मग उरलेला वेळ ती झाडाखाली जाऊन बसणार होती.

तिने देल्फीनला घर दाखवलं. उत्तरेचा वारा असला की चूल धुरावते, तळघरातले बटाटे जूनपर्यंत पुरतात, तपकिरी कोंबडी अंडी दगडांत लपवते. देल्फीन प्रत्येक कपाट उघडून पाहत होती आणि प्रत्येक वेळी खूश होत होती. शेवटी दोघी कॉफी घेऊन टेबलाशी बसल्या.

"रोनिंगबाई, एक विचारू?" देल्फीनचा आवाज खाली आला. "पोराबाळांना मानवतं का हो इथे? माझी आई म्हणते, खडकावर कुणी पोर वाढवतं का! मी म्हटलं, अगं, तिथली हवा बघ. आजारी पडायचं म्हटलं तरी जमायचं नाही."

सिग्रुनने कप खाली ठेवला. वाक्य ओठांवर आलं होतं. टेबलाखाली ओदेत स्वतःच्या बुटाशी काहीतरी बोलत होती.

"तुम्हाला होडी चालवता येते?" सिग्रुनने विचारलं.

"मला? छे हो! सिप्रियनला येते की."

"चला माझ्याबरोबर. पोरीलाही घ्या."

होडीघर धक्क्याच्या पलीकडे होतं. आत लाकडी रुळांवर होडी, तिला दोरखंड, दोरखंड ओढायला मुठीने फिरवायचा रहाट. सिग्रुनने दार सताड उघडलं.

"हे सिप्रियनचं काम ना?" देल्फीन दारातच थबकली.

"त्याचं काम वर आहे. मावळतीला दिवा लागलाच पाहिजे, आणि लावणारा बेटावर एकच. साहेबलोक तेवढंच बघतात. पोरीला ताप भरला तर तो म्हणेल, उद्या नेऊ. माणूस वाईट नसला तरी म्हणेल."

देल्फीनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तुमचं कोण होतं?"

"मुलगा. घटसर्प झाला होता. डॉक्टर गावात, सात मैल पाणी ओलांडून. मी नेऊया म्हटलं, नवऱ्याने उद्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, तो चार दिवस पडला नाही."

देल्फीनने ओदेतची टोपी नीट केली. ती नीटच होती, तरी पुन्हा एकदा केली. मग पोरीला दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसवून तिने परकर कमरेला खोचला.

"रहाट कुठून धरायचा?"

सिग्रुन हे सगळं एकटीने शिकली होती, ऐनार गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. रहाटाची मूठ उलटून तिच्या उजव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं झालं होतं. त्या उन्हाळ्यात आन्सगार मनोऱ्याच्या सज्ज्यातून खाली बघत असे. होडी कशाला शिकतेस, हे त्याने कधी विचारलं नाही.

पहिल्या खेपेला देल्फीनच्या हातून दोर निसटला आणि होडी आडवी होऊन पाण्यात आदळली. दुसऱ्या खेपेला सरळ उतरली, पण रहाटाने ती वर येईना. तिसऱ्या खेपेला दोघी ओदेतला मध्ये बसवून पुढच्या खडकापर्यंत वल्हवत गेल्या आणि परत आल्या. देल्फीनचे तळहात सोलवटले होते.

"आग होतेय?"

"होतेय ना!"

"आता मे आहे, होऊ दे. ऑक्टोबरात व्हायला नको. चला, पुन्हा. या वेळी मी हात लावणार नाही."

देल्फीनने होडी एकटीने उतरवली, एकटीने खडकाला वळसा घातला आणि दात-ओठ खात एकटीने वर ओढली. ओदेतने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला.

सिग्रुनने एकदा मागे, झाडांच्या दिशेने पाहिलं. तिथवर जाऊन यायला पाव तास लागला असता. तिने ओले हात झग्याला पुसले, ओदेतच्या गालाला नुसतं बोट टेकवलं आणि ती धक्क्याकडे निघाली.

बोट सुटल्यावर ती मागच्या बाजूच्या बाकावर बसली. आन्सगार कठड्याला धरून उभा होता. त्याच्या गणवेशाच्या गुडघ्यांना माती लागली होती.

"मी झाडापाशी थांबलो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, येशील."

"त्या मुलीला होडी शिकवत होते."

त्याने मान हलवली. पाच वर्षं तो येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत आला होता: वादळ होतं, होडी घालणं शक्यच नव्हतं. तपासनिसाला, पाद्र्याला, सिग्रुनच्या बहिणीला. सिग्रुन शेजारी उभी राहून ऐकून घ्यायची.

बेट लहान होत गेलं. बर्डिक आतून कुणावर तरी खेकसत होता.

"तू नेऊया म्हणालीस त्या दिवशी," आन्सगार पाण्याकडे बघत म्हणाला, "वारा अजिबात नव्हता."

सिग्रुन बाकावर थोडी सरकली, एका माणसाला बसता येईल इतकी.