आकड्याची मोकळी जागा

नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, एका पत्र्याच्या शेडसमोर कचरू पेंटर ब्रश हातात धरून अर्ध्या तासापासून उभा होता. पाटीवर कामं लिहून झाली होती: बाहेरून धुणे, आतून सफाई, डाग काढणे, पॉलिश. पुढची आकड्यांची जागा तेवढी कोरी होती.

"ताई, आकडे सांगा. मला अंबडची एसटी धरायची."

"सांगते," सुमेधा म्हणाली, आणि पुन्हा कपडा घेऊन गाडीकडे वळली.

आपल्यापैकी कितीजणांची जीभ इथंच अडते! काम येतं, कष्टाची लाज नसते. पण त्या कामाचे किती, हे सांगायची वेळ आली की आपण नजर चुकवतो.

सुमेधाची अडचण त्याहून खोल होती. तिचे वडील सर्जेराव शहागडला हायवेच्या कडेला तीस वर्षं गाड्या धूत आले. काम झालं की गिऱ्हाईक विचारायचं, आणि ते एकच उत्तर द्यायचे, "द्या समजून." चार महिन्यांपूर्वी ते गेले. सुमेधा पुण्यात दोन वर्षं राहून गाड्यांचं हे बारीक काम शिकली होती. साठवलेलं सगळं घालून तिनं ही शेड घेतली. आता त्याच कामाला भाव लावणं म्हणजे बाबांचा शब्द मोडणं, असं तिला आतून वाटत होतं. आणि भाव लावला नाही, तर दुसऱ्या महिन्याचं भाडंही निघणार नव्हतं.

शेडमधली पहिली गाडी बियाण्याचे व्यापारी त्रिंबकशेठ यांची होती. बियाण्याला लावायच्या लाल औषधाचा डबा मागच्या सीटवर सांडला होता. दोन ठिकाणी धुऊन झालं, तरी डाग पसरतच गेला होता. सुमेधानं दोन दिवस त्यावर घालवले.

फोन वाजला. शेठच होते.

"झाली का गं गाडी? चारला येऊन राह्यलो. किती होतील?"

"या काका. बघा, अन् द्या समजून."

तिनं फोन ठेवला तेव्हा मागं सत्यशीलाआत्या उभी होती. सर्जेरावांची थोरली बहीण. अंबडच्या शाळेतून निवृत्त झालेली. भाचीसाठी डबा घेऊन आली होती.

"हे काय बोललीस तू?"

"बाबा हेच म्हणायचे, आत्या."

"म्हणायचा. का म्हणायचा, ते विचारलं का कधी?"

सुमेधानं नकारार्थी मान हलवली.

"आपल्या आज्यानं गावाची कामं केली," आत्या स्टुलावर टेकत म्हणाली. "काम झालं की दारात उभं राहायचं, पदरात पडंल ते न्यायचं. किती, हे विचारायचा हक्क न्हवता. छप्पन साली धम्म घेतला, शाळा शिकलो, मी मास्तरीण झाले. पण ते वाक्य सर्जाच्या जिभेवर राह्यलंच. लोकांना वाटलं, माणूस किती नम्र. नम्र न्हाई, पोरी. तो जुना धाक होता."

"लोक मान द्यायचे त्यांना."

"द्यायचे की. मान अन् पन्नास रुपये."

कचरू हसला आणि लगेच पाटीकडं बघू लागला.

आत्यानं पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "घर आवरताना पलंगाखाली सापडलं. तुला द्यावं का न द्यावं, ठरत न्हवतं."

हातभर लांबीचा पत्रा होता. कडा गंजलेल्या, अक्षरं मात्र ठसठशीत. 'गाडी धुणे – रु.' त्यापुढं काहीच नव्हतं.

"वीस वर्षं झाली. सर्जानं रंगवून आणला, अन् पेंटरला म्हणला, आकडा मी घालतो. कधी घातला न्हाई. टांगला बी न्हाई."

सुमेधा त्या चार बोटांच्या कोऱ्या जागेकडं बघत राहिली. म्हणजे बाबांना आकडा सांगायचा होता. वीस वर्षं एक माणूस त्या जागेवर निजत होता, रोज सकाळी उठून हायवेवर जात होता, आणि आकडा ओठाशी आणून गिळत होता. किती मोठी असते एखादी मोकळी जागा!

तिला त्यांचा तळहात आठवला. गाडी पुसून झाली की डोळे मिटून ते बॉनेटवरून हात फिरवायचे. खरखर लागली की तिथं पुन्हा पाणी. पुण्यात शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी हीच खूण सांगितली होती: डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला कळतं. त्या दिवशी ती थक्क झाली होती. जे शिकायला फी भरून लोक लांबून येत होते, ते तिच्या बापाला रस्त्याच्या कडेला, कुणीही न शिकवता येत होतं.

"मोज आता," आत्या म्हणाली.

सुमेधानं मोजलं. टँकरचं पाणी, वीज, डागाचं औषध, पॉलिश, शेडचं भाडं. "बाराशेच्या आसपास जाईल खर्च."

"अन् तू?"

"मी काय?"

"सगळ्याला धरलंस. तुझे दोन दिवस, तुझी दोन वर्षं, तुझे हात. ते कुठं हायेत?"

भाडं, पाणी, बाटल्या, सगळं हिशेबात होतं; माणूस तेवढा राहून गेला होता. मग ती सावकाश कचरूकडे वळली आणि एकेक आकडा सांगत गेली.

चारला त्रिंबकशेठ आले. गाडी उजेडात काढलेली होती. बॉनेटमध्ये समोरचा लिंब पानापानासकट उतरला होता. मागचं दार उघडून शेठनी सीटवर बोट घासलं आणि बोट वळवून पाहिलं.

"गेला की गं, बिलकुल. किती देऊ?"

"बत्तीसशे, काका."

शेठच्या कपाळाला आठी पडली. "सर्जेराव तर शंभरातसुदीक खुश व्हायचे."

"ते किंमत सांगत नव्हते, काका. मी सांगते."

शेठ पाटीपुढं गेले. ओले आकडे त्यांनी वाचले. शेजारी भिंतीला टेकवलेला जुना पत्राही वाचला आणि त्याच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"माझ्या बियाण्याच्या पाकिटावर किंमत छापलेली असते," ते हळू आवाजात म्हणाले. "शेतकरी म्हणला, देतो समजून, तर मी देईन का पाकीट? अन् तुझ्या बापाला इतकी वर्षं मी समजूनच देत गेलो. किती झाले, हे एकदाबी नेट लावून विचारलं न्हाई."

त्यांनी बत्तीसशे रुपये दिले, एकही कमी न करता.

ते गेल्यावर सुमेधानं जुना पत्रा पुसला, शेवटी डोळे मिटून तळहात फिरवला आणि कचरूपुढं धरला.

"ह्याच्यावर काय घालू, ताई?"

"तीनशे पन्नास. बाहेरून धुण्याचा तोच भाव."

कचरूची एसटी गेली होती. त्यानं ब्रश बुडवला.

तो पत्रा आज नव्या पाटीच्या वर टांगलेला आहे. अक्षरं जुनी, आकडा नवा. वाचकहो, कष्टाची किंमत सांगणं हा उद्धटपणा नाही आणि ती दुसऱ्याच्या मर्जीवर सोडणं ही नम्रता नाही. हातानं काम करणारं कुणी आपल्याला "द्या समजून" म्हणालं, तर आपल्या समजुतीनं नोट काढू नका. थांबा, आणि त्या माणसाला आकडा सांगू द्या.