कोट कुणाचा?

मी एक जुना काळा कोट आहे. चिंचवड गावात रंगरावांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या पडद्याशेजारच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मला पाहून हसू नका. समोरून मी अगदी साहेबी दिसतो, पण पाठीवर मला वरपासून खालपर्यंत चिरलेलं आहे. त्यामुळे जाड्या माणसालाही मी पुरतो आणि किडकिडीत माणसाला मागून चिमटे लावून बसवता येतो.

खडकीच्या एका शिंप्यानं मला कुण्या नवरदेवासाठी शिवलं होतं. लग्न मोडलं, नवरदेव पुन्हा फिरकला नाही आणि रंगरावांनी मला स्वस्तात उचललं. तेव्हापासून स्थळाला पाठवायचा फोटो असो की नोकरीच्या अर्जाचा, माणूस सदऱ्यावर मला चढवायचा आणि त्याची मान आपोआप ताठ व्हायची. मला त्याचा केवढा तोरा होता! पुढे माझं मधलं बटण तुटलं. रंगरावांच्या पत्नी छबूबाईंनी घरात होतं ते पांढरं बटण लावून टाकलं. "फोटोत कोण बघतंय?" असं म्हणून रंगरावांनीही ते चालवून घेतलं.

सत्तावन्न साली गावाजवळचा एक छोटा कारखाना बंद पडला. मालोजी आणि ज्योतीराम हे तिथले दोन फिटर घरी बसले. मालोजी वयानं मोठा. त्यानंच ज्योतीरामला कामाला चिकटवलं होतं, हातात कानस धरायला शिकवलं होतं. दोघांनाही समुद्रापलीकडे तेलाच्या कारखान्यात काम मिळण्यासारखं होतं, पण त्या देशाचा व्हिसा कोलंबोच्या वकिलातीतून काढायचा होता. दोघं एकाच दिवशी स्टुडिओत आले. आधी मालोजीनं मला घातलं, मग ज्योतीरामनं. मग मद्रासवरून, पुढे बोटीनं, दोघं सिलोनला गेले.

परत आल्यावर ज्योतीराम एकटाच स्टुडिओत आला आणि फोटोच्या स्टुलावर मान खाली घालून बसला.

"काय रे, मिळाला का व्हिसा?" रंगरावांनी विचारलं.

"मला मिळाला. दादाला न्हाई."

मग त्यानं सगळं सांगितलं. वकिलातीतल्या साहेबानं दोघांचे अर्ज शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्ही फोटोंत तोच कोट, तेच पांढरं बटण. दुभाष्यानं विचारलं, कोट कुणाचा?

"स्टुडिओतला हाय, एवढंच म्हणायचं होतं. पन मला लाजच वाटली, रंगराव. समदे आपापल्या सुटाबुटात बसल्याले. आमी मागून घेतल्याल्या कोटात फोटो काढला, असं कसं सांगावं? मी बोलून गेलो, माझा हाय. ह्यानं माझ्याकडनं मागून घेतला."

"आणि मालोजी काय बोलला?"

"दादा नुसता माझ्याकडं बघत ऱ्हायला. खरं बोलला असता तर माझाबी अर्ज बाद झाला असता. साहेब म्हनला, दुसऱ्याच्या कपड्यात फोटो काढनारा उद्या दुसऱ्याच्या नावावर बी यील. अन् दादाचा अर्ज बाजूला सारला."

मालोजीनं घरी मात्र छातीच्या तपासणीत नापास झालो असं सांगितलं होतं. त्याची आई दुर्गाबाई ज्योतीरामच्या वाटेसाठी लाडू घेऊन आली होती. "ती म्हनली, तू तरी सुखरूप जा, लेकरा. मला त्यो डबा उघडवंना," ज्योतीराम म्हणाला आणि हुंदके देऊन रडू लागला.

 रंगरावांना त्या पांढऱ्या बटणाकडे बघवेना. शेवटी ते म्हणाले, "मी कागद लिहून देतो. कोट माझा, दोघांनी इथंच घातला होता. तो कोलंबोला पाठव. मालोजीचं काम कदाचित होईल. पण तू खोटं बोललास हेही उघडं पडेल."

मी खुंटीवर लटकत वाट बघत होतो. हो म्हण, ज्योतीराम, हो म्हण!

"बघतो," एवढंच तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो बोटीत बसला.

वर्षभरानं मालोजी आईचा फोटो काढायला आला. त्याला अजून धड काम नव्हतं. दुर्गाबाई हौसेनं म्हणाली, "माझ्यासंगं तू बी बस की रं." रंगरावांनी सवयीनं मला खुंटीवरून काढून त्याच्यापुढे धरलं. मालोजीनं माझ्या बाहीवरून एकदा हात फिरवला.

"नगं. ज्योतीरामचा कोट हाय त्यो. त्याला इचारल्याबिगर कसा घालू?"

दुर्गाबाईला ती थट्टा वाटली आणि ती पदर तोंडाला लावून हसली. रंगराव हसले नाहीत. त्यांनी मला खुंटीवर परत अडकवलं, तेही तोंड भिंतीकडे करून. मालोजीनं साध्या सदऱ्यातच आईशेजारी बसून फोटो काढला.

मित्रांनो, मी उसवलो तर खुशाल टाके घाला, पाठीला चिमटे लावा, माझी काही तक्रार नाही. पण मला अंगावर चढवाल तेव्हा कुणी विचारलं तर मागून आणलाय म्हणून सांगा. त्यात कसली आली लाज? त्या दिवशी एवढंच सांगितलं असतं, तर मालोजीनं आईशेजारी बसताना मला नको म्हटलं नसतं.