हाव सायेब

निलम दुमाडाला टीव्हीवर घेतलं ते तिच्या आवाजासाठी. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावरची ही मुलगी डहाणूत ऑर्केस्ट्राचं निवेदन करायची. ते ऐकून मनिष नावाच्या निर्मात्यानं तिला मुंबईला बोलावलं. पहिली दोन वर्षं तिनं सकाळचा गप्पांचा कार्यक्रम केला. 'ण'चा 'न' होऊ नये म्हणून ती रोज तासभर पेपर मोठ्यानं वाचायची. पाड्यावरचा एकही शब्द तोंडून निसटत नाही, याचा तिला अभिमान होता.

मग प्रेक्षक घटले. मनिष म्हणाला, "निलम, तू तिकडचीच ना? एखादी आदिवासी बाई कर की. मजेशीर."

तिला एकच बाई आठवली. निलमच्या जातीच्या दाखल्यासाठी तिची आई, रूपी, कचेरीत पाच खेपा घालत होती तेव्हा निलम शेजारीच उभी असायची. टेबलामागचा माणूस काहीही बोलला की आई आधी होकार द्यायची, "हाव सायेब." मग पदर तोंडाशी नेऊन हळूच विचारायची, "काय सायेब?"

निलमनं कॅमेऱ्यासमोर तेच केलं. पदर, मान, आवाज, सगळं आईचं. स्टुडिओ हसून हसून लोळला.

चार वर्षं ते पात्र चाललं. सुरतेपासून नाशिकपर्यंत स्टेजवर तिला बघायला गर्दी व्हायची. हे कुठून सुचलं, असं मुलाखतीत विचारलं की ती सांगायची, "निरीक्षणातून."

पाचव्या वर्षी तिच्या जागी पुण्याची एक मुलगी आली. तिच्या चेहऱ्याला काळपट रंग फासला होता.

"पात्र वाहिनीचं आहे," मनिष म्हणाला. "करारात लिहिलंय. स्टेजवरही तुला करता येणार नाही."

त्या चैत्रात डहाणूजवळ विवळवेढ्याच्या देवीच्या यात्रेत सुदामनं तिचा कार्यक्रम ठेवला. डहाणूतल्या ऑर्केस्ट्राचा मालक तोच. निलमनं आधीच बजावलं, "ते पात्र नाही करणार." तिनं ठरवलं होतं, आपल्या बोलीत आईची गोष्ट सांगायची. पाच खेपांची, उन्हातल्या पायपिटीची.

तिनं पहिलं वाक्य उच्चारलं आणि मंडप हसला. तिला वाटलं, थांबतील. ती सांगत राहिली. आई कचेरीच्या पायरीवर भोवळ येऊन बसली होती, ते सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतून कुणी ओरडलं, "हाव सायेब!"

"मी खरं सांगतेय," ती म्हणाली.

त्यावर सगळ्यांत मोठा हशा झाला. हसणारे तिच्याच बोलीचे होते, डहाणू-तलासरीचेच. मग तिनं पदर तोंडाशी नेला, मान वाकडी केली आणि त्यांना हवं होतं ते दिलं. शिट्ट्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी ती पाड्यावर गेली. रूपी ओट्यावर सुपात नागलीचे दाणे पाखडत होती. आज तलासरीचा बाजार, म्हणून निलमनं बोलीतच विचारलं, येतेस का.

"मी बाजारात जात नाही," आई म्हणाली. प्रत्येक शब्द सुटा, पुस्तकी, मास्तरणीसारखा.

निलमला कळेना. भाऊ धाकल्या गोठ्यातून म्हणाला, "तीन वर्सं झाली. पोरं मागं लागतात तिच्या. हाव सायेब, हाव सायेब करत. सामान मीच आणतो."

"मला सांगायचंस ना!"

"तुला?" धाकल्या म्हणाला आणि गुरांना चारा टाकू लागला.

निलम आईजवळ बसली. बोलीत काहीबाही बोलू लागली, माफी मागू लागली. आईनं सूप खाली ठेवलं.

"माझ्याशी मराठीत बोल."

"आये, असं काय गं?"

"मराठीत. मी पण शिकते आहे. शेजारची प्राजक्ता शिकवते." रूपी लेकीकडे न बघता म्हणाली, "काही चुकलं तर आत्ताच सांग. नंतर टीव्हीवर नको."

आईनं पुन्हा सूप उचललं.

"जेवून जा," ती म्हणाली. वाक्यात एकही चूक नव्हती.